निर्माल्याचा ड्रम का नासला

माझ्या कार्डावर ‘शाश्वतता प्रशिक्षक’ असं छापलेलं आहे. हा शब्द मी निवडलेला नाही, ज्या संस्थेसाठी काम करते तिने निवडला. बोरिवलीच्या एका भजनी मंडळाने तो वाचून मला व्याख्यानाला बोलावलं होतं. देह नाशवंत आहे, आत्मा शाश्वत आहे, असं काहीतरी मी बोलेन अशी त्यांची समजूत. मी ओल्या कचऱ्यावर बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, शाल आणि नारळ दिला आणि आभार मानताना अध्यक्षांनी ‘विषय वेगळा होता’ एवढंच म्हटलं. दोघीजणी मात्र चपला घालता घालता विचारत राहिल्या, की लिंबाची सालं घातली तर गांडुळं मरतात का.

तेव्हापासून कोणी विचारलं तर मी सरळ सांगते, की मंडळांना कचरा, पाणी आणि वीज याबद्दल शिकवते. मंडळं म्हणजे महिला मंडळं, गणेशोत्सव मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट, सोसायट्यांच्या कमिट्या. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत जिथे एक हॉल, एक पंखा आणि ऐकायला पंधरा-वीस माणसं मिळतील तिथे मी जाते. अर्धा दिवस कार्यशाळा, मग दोन-तीन महिने अधूनमधून फेऱ्या. लोकांना वाटतं कार्यशाळा महत्त्वाची. खरं काम फेऱ्यांचं असतं. कार्यशाळेत सगळे माना डोलावतात. प्लास्टिकमुक्तीचा फलक फ्लेक्सवर छापतात, मला प्लास्टिकात गुंडाळलेला गुच्छ देतात आणि फोटो काढतात. मी त्यावर काही बोलत नाही. फोटोनंतर खताच्या ड्रमचं झाकण कोण उघडणार, हे मला पाहायचं असतं.

बरेच ड्रम बंद पडतात, हेही सांगायला हवं. घाटकोपरच्या एका सोसायटीत माझ्या खताच्या ड्रममध्ये आता मनी प्लांट आहे. तो छान वाढलाय, पण ड्रम कशासाठी होता ते कोणाला आठवत नाही. वाकोल्याच्या एका मंडळाने ड्रम विसर्जनाच्या दिवशी सरबत करायला नेला. बंद का पडला, हे बहुतेक ठिकाणी मला कधी कळत नाही. फोन केला की ‘मॅडम, सगळं झकास चाललंय’ असं उत्तर येतं.

या कामात येण्याआधी मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात सुपरवायझर होते. तिथे एक शिकले. माल खराब निघाला की आधी माणसावर ओरडायचं नाही. त्याच्या आदल्या पाळीत काय झालं ते बघायचं. ही सवय मला कचऱ्यात उपयोगी पडली, कारण कचरा कधी खोटं बोलत नाही. तो कसा कुजतो यावरून त्यात काय पडलं ते कळतं. निदान कळायला हवं. मरोळच्याच एका राहत्या वसाहतीत मला ते बरेच दिवस कळलं नाही, आणि त्याबद्दलच सांगायचं आहे.

तिथल्या महिला मंडळाची अध्यक्ष सुरेखा परब. मूळ मालवणकडची, सासरे गिरणीत होते, नवरा विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या खात्यात. ती स्वतः घरी पाळणाघर चालवते. माझी उन्हाळ्यातली कार्यशाळा संपल्यावर इतर मंडळांच्या बायका चहाकडे गेल्या, सुरेखा माझ्याकडे आली आणि ड्रमला भोकं कुठे पाडायची एवढंच विचारलं. मी तिला तेव्हाच हेरलं.

जागा मिळवणं सोपं नव्हतं. वसाहतीच्या आवारात शंकराचं छोटं देऊळ आहे. त्याच्या मागच्या भिंतीलगत मोडकी कपाटं आणि एक बेवारस स्कूटर पडलेली होती. तो कोपरा सुरेखाने कमिटीकडे मागितला. सेक्रेटरी अरुण नाडकर्णी यांना तिथे दोन गाड्यांचं पार्किंग आखायचं होतं. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक वाक्याआधी ‘नियमानुसार’. दोन-तीन बैठका होऊन शेवटी ठरलं, की दसऱ्यानंतरच्या वार्षिक सभेपर्यंत कोपरा महिला मंडळाकडे. वासाची तक्रार आली तर सभेत निकाल लागेल आणि ड्रम जातील.

‘ताई, हा कोपरा गेला ना, तर आम्हांला परत कोणी काही देणार नाही,’ सुरेखा म्हणाली. ‘मग आहेच आमचं हळदीकुंकू आणि एक दिवसाची सहल.’

मी एकच ड्रम सांगितला होता. बायकांनी दोन मागितले. भाजीचा कचरा आणि निर्माल्य एकत्र कसं टाकणार, त्यात कोणाच्या ताटातलं उष्टं आलं तर? मी लगेच हो म्हटलं. जो वाद दुसऱ्या ड्रमने मिटतो तो मी घालत नाही. निर्माल्याच्या ड्रमवर बायकांनी रंगाने ‘देवाचं देवाकडे’ असं लिहिलं, खाली दोन कमळं काढली. त्याचं खत फक्त तुळशीला आणि गच्चीतल्या जास्वंदीला घालायचं, वाटेवरच्या झाडांना नाही, कारण तिथे पाय लागतो, हेही त्यांनीच ठरवलं.

खताचं तंत्र थोडक्यात असं. ओल्याबरोबर कोरडं हवं. फुलं, सालं, देठ हे ओलं. वाळलेली पानं, लाकडाचा भुसा हे कोरडं. एक थर याचा, एक थर त्याचा, अधूनमधून ढवळायचं, म्हणजे आत हवा खेळते. मूठभर घेऊन दाबलं तर हाताला ओलावा लागावा, पाणी टपकू नये. एवढं सांभाळलं तर वास येत नाही. आलाच तर भाजीच्या ड्रमला येतो, कारण त्यात कोणीतरी हळूच शिळी आमटी ओततं. निर्माल्य म्हणजे फुलं, बेल, दूर्वा. ते सगळ्यात सोपं.

म्हणून श्रावणात ‘ड्रमला वास येतोय’ असा सुरेखाचा फोन आला तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, की नक्की कुठला ड्रम? निर्माल्याचाच. भाजीचा व्यवस्थित होता.

मी गेले. झाकण उघडलं आणि मागे सरले. आंबट, जड वास, वर अळ्या. नाडकर्णी गॅलरीतून बघत होते. खाली येऊन ते अगदी सभ्यपणे म्हणाले, ‘मॅडम, दोन लेखी तक्रारी आल्या आहेत. मी काही बोलत नाही. सभेत ठरेल.’

सुरेखाने तिच्या बायकांना गोळा केलं. मी विचारलं, ड्रममध्ये फुलांशिवाय दुसरा कुठला कचरा जातो? सगळ्या एकसुरात म्हणाल्या, कुठलाच नाही. कोणी खोटं बोलत असल्यासारखं वाटलं नाही. एकीला तर माझ्या प्रश्नाचा थोडा रागच आला. मग हारांच्या दोऱ्यावर संशय घेतला, दोरे निघाले पण थोडे. बाजारातल्या फुलांवर औषध मारलेलं असेल असं कोणीतरी म्हणालं. ते मला पटण्यासारखं वाटलं, म्हणून मी देवळातली थोडी फुलं मुलुंडला घरी नेली, बरणीत कोरड्या पानांबरोबर भरली आणि गॅलरीत ठेवली. नवऱ्याने विचारलं हे काय, मी म्हटलं लोणचं. आठवड्याने उघडली तर ओल्या मातीसारखा वास. फुलं निर्दोष होती.

म्हणजे आणखी काहीतरी पडत होतं. सुरेखाचं मत पक्कं झालं, की हा घातपात आहे. कोणतरी मुद्दाम करतंय, आणि पार्किंग कोणाला हवंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिने आवारातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागायचं ठरवलं, पण कॅमेऱ्याची खोली सेक्रेटरींच्या ताब्यात. तेव्हा तिने मालवणीत जे म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

मला घातपातात रस नव्हता, वासात होता. तो कुठेतरी ओळखीचा वाटत होता. मग घरी एकदा दुधाचं पातेलं घासायचं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सिंकपाशी गेले तेव्हा लक्षात आलं, की हाच तो. नासलेलं दूध. पण निर्माल्याच्या ड्रममध्ये दूध कोण ओतेल?

पुढच्या सोमवारी सकाळी मी मरोळला जाऊन देवळासमोरच्या बाकावर बसले. श्रावणी सोमवार, त्यामुळे गर्दी होती. बायका येत होत्या, पिंडीवर तांब्यातलं दूध ओतत होत्या, बेल वाहत होत्या, हात जोडून कामाला पळत होत्या. दूध पिंडीवरून पन्हळीत, पन्हळीतून बाहेर. बाहेर एक बादली ठेवलेली होती. ती भरत आल्यावर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची आजी उठली, पदर खोचला, दोन्ही हातांनी बादली उचलून देवळामागे गेली. मी मागोमाग गेले. तिने निर्माल्याच्या ड्रमचं झाकण काढलं, बादली आत रिकामी केली, झाकण लावलं आणि ड्रमला हात जोडले.

मी जवळ जाऊन विचारलं, की आजी, हे इथे रोज टाकता का?

‘टाकते कशाला?’ त्या म्हणाल्या. ‘तीर्थ आहे ते. इतकी वर्षं गटारात जात होतं. मला रोज जिवाला लागायचं. आता या मुलींनी जागा केलीय.’ त्यांनी ड्रमवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. ‘लिहिलंय ना.’

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. उत्तर मिळालं की बरं वाटतंच. कोणी काही लपवलं नव्हतं. मी कचरा काय जातो ते विचारलं होतं, आणि दूध, दही, मध, तूप या गोष्टी कोणाच्याही हिशेबात कचरा नव्हत्या. एरवी दिवसाला तांब्याभर जात असेल, भुसा ते शोषून घेत असेल. श्रावणात बादल्या सुरू झाल्या. पाळणाघरातली मुलं सकाळीच यायला लागतात, त्यामुळे सुरेखा त्या वेळी कधी खाली उतरत नसे. आणि जिने पाहिलं तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

आजी कुठल्या बिल्डिंगमधल्या, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मी अरुणची आई. सेक्रेटरी आहे ना, त्याची.’

हे सांगायला मी सुरेखाच्या घरी गेले तेव्हा ती एका पोराला मऊ भात भरवत होती. तिने ऐकलं आणि चमचा तसाच हातात राहिला. मग इतकी हसली की पोरगंही हसायला लागलं. मी म्हटलं, झालं तुझं काम. सभेत त्यांनी वासाचं नाव काढलं की एवढंच सांगायचं. मला खरंच तसं वाटत होतं. मी नाडकर्णींचा चेहराही डोळ्यांसमोर आणला होता.

सुरेखा हसायची थांबली. ‘नको ताई. म्हातारीला सभेत उभी करू? बाई एवढी श्रद्धेने बादली उचलते. आणि तो पडेल तोंडावर, पण ड्रम ठेवील का? उलट चिडून काढील.’

‘मग?’

‘आजींशीच बोलते मी. तू पण चल, पण तू बोलू नकोस हां. तुझं बोलणं शाळेसारखं असतं.’

पहिल्यांदाच ती मला अगं-तुगं करून बोलली. मी गप्प बसायचं कबूल केलं.

त्या दुपारी नाडकर्णी पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले होते, तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो. सुरेखा आजींच्या शेजारी बसली. तिने वासाची तक्रार केली नाही, ड्रमचंही नाव घेतलं नाही. ती म्हणाली, आजी, एक अडचण आहे, तुम्हीच सांगा. देवाला घातलेलं दूध तिथे नासतंय. अळ्या पडल्यात. देवाचं दूध असं सडलेलं बरं दिसत नाही. आजींचा चेहरा उतरला. त्यांनी झाकण रोज उघडलं होतं, पण त्यांना आतलं धड दिसत नाही आणि वासही येत नाही, हे तेव्हा कळलं. मग त्यांनी सुरेखाला विचारलं, की तुमच्या गावी काय करायचे?

सुरेखा म्हणाली, आमच्या देवळात पन्हळीचं पाणी भिंतीपलीकडच्या माडाच्या मुळाशी जायचं. पण त्यात दूध एवढंसंच असायचं, बाकी विहिरीचं पाणी.

‘आमच्याकडेही पळीभरच होतं,’ आजी म्हणाल्या. ‘हे पिशव्याच्या पिशव्या ओतायचं इथे आल्यावर सुरू झालं. एकीचं बघून दुसरी.’

निर्णय त्यांनीच घेतला. पिंडीवर पळीभर दूध, वर तांब्याभर पाणी. उरलेलं दूध देवाला दाखवून घरी न्यायचं, मुलांना द्यायचं. पन्हळीचं पाणी आवारातल्या नारळाला. दुसऱ्या दिवसापासून आजी स्वतः पळी घेऊन देवळाच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. कोणी तांब्या कलंडायला लागलं, की त्या पळी पुढे करत. देवळात येणाऱ्या गुरुजींनी थोडं तोंड वाकडं केलं. आजींनी त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण तेही पळीवर आले. मी हेच चित्रं आणि तक्ते दाखवून सांगितलं असतं, तर लोकांनी मला धर्म शिकवू नका म्हटलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

ड्रम सुधारणं हे मात्र माझं खातं. बायकांनी नाकाला रुमाल बांधून सगळं बाहेर काढलं, ताडपत्रीवर पसरलं, फावड्याने फोडलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका सुताराकडून भुशाची पोती आणली. सुरेखा पोरांना झोपवून यायची आणि फावडं चालवायची. मग गणपती आले. निर्माल्याचे ढीग आले, तेव्हा मला धाकधूक होती. पुन्हा एकदा नासलं असतं तर सभेपर्यंत सावरायला वेळ नव्हता. मी फेऱ्या वाढवल्या. दर फेरीला मूठ भरून दाबायची, वास घ्यायचा. नवरात्रात एकदा हात घातला तर फुलं ओळखू येत नव्हती. काळं, भुसभुशीत, कोमट. सुरेखाने मूठभर घेऊन कितीतरी वेळ नुसतं चुरगाळलं.

वार्षिक सभा आवारातच खुर्च्या मांडून झाली. मला पाहुणी म्हणून मागे बसवलं. पुढच्या रांगेत आजी. विषयपत्रिकेवर देवळामागच्या जागेचा वापर, असा विषय होता. नाडकर्णींनी तक्रारी वाचल्या. ते खोटं काहीच बोलले नाहीत. श्रावणात वास येत होता, नियमानुसार जागा परत घ्यावी लागेल, गाड्यांची गैरसोय आहे, असं त्यांनी मांडलं. काही माना हलल्या. गाडीवाले बरेच होते.

सुरेखाला बोलायला सांगितलं. ती उठली, पण माइककडे गेली नाही. तिने एक स्टीलचं ताट उचललं आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. समोर ताट आलं की आपल्याकडे माणूस विचार करत नाही, उजवा हात पुढे करतो, डावा त्याखाली धरतो. ती प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर ठेवत गेली. काही जण सवयीने हात तोंडापर्यंत नेऊन थांबले. कुजबुज सुरू झाली, कोणीतरी हसलं. शेवटी ती टेबलापाशी आली. नाडकर्णींनीही हात पुढे केला होता. त्यांच्या हातावर तिने चांगलं मूठभर ठेवलं.

‘निर्माल्याच्या ड्रमातलं आहे,’ ती म्हणाली. ‘वास घ्या.’

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खुर्च्यांतले सगळे आपापली चिमूट हुंगत होते. मग आजींचा आवाज आला. ‘घे रे अरुण. सगळ्यांनी घेतला.’

त्यांनी हात नाकाशी नेला. एकदा, आणि मग खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा. माणूस नियमाचा होता, त्यामुळे खोटं बोलणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

‘मातीचा येतोय,’ ते म्हणाले.

‘दुसरा कुठला?’

‘दुसरा नाही.’

‘मग तसं लिहा,’ सुरेखा म्हणाली आणि जाऊन बसली.

मतदान झालं. जागा परत घ्यावी म्हणणारे थोडे हात वर गेले, त्यातले बरेच डावे, कारण उजव्यात खत होतं. ते हात वर करणाऱ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. विरोधात कितीतरी मुठी वर गेल्या. कोपरा महिला मंडळाकडे राहिला. पुढचा विषय पाण्याच्या पंपाचा होता, तो मला काही कळला नाही. मी नाडकर्णींकडे बघत होते. ते पंपाबद्दल बोलत होते, डाव्या हाताने कागद उलटत होते, आणि उजवी मूठ टेबलावर घट्ट मिटलेली होती. निर्माल्याची माती, ती जमिनीवर टाकायची कशी? तिला पाय लागेल.

सभा संपली, खुर्च्या उचलायला लागले. ते मूठ तशीच धरून सुरेखापाशी आले आणि हळूच म्हणाले, ‘परबवहिनी, हे आता कुठे ठेवू?’

सुरेखा ताट पुसत होती. तिने वर न बघताच सांगितलं, ‘आजींना विचारा.’